फाटकाजवळच्या फळ्याच्या खालच्या सात ओळी

मित्रांनो, शाळेच्या फाटकातून आत शिरायच्या आधी उजव्या हाताच्या भिंतीवर जो जुना काळा फळा दिसतो, तो मी. दिसतो म्हणजे, समोर गाड्या उभ्या नसतील तर दिसतो.

मी काही पहिल्यापासून रस्त्यावरचा नव्हे. एका सुताराने चार रुंद फळ्या सांधून मला घडवलं. मोठा चिकट माणूस होता. प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवायचा आणि बोट अडलं की पुन्हा रंधा मारायचा. माझा पहिला मुक्काम पहिलीच्या वर्गात होता. बावीस वर्षं मी तिथे काढली. किती मुलांनी आपलं नाव पहिल्यांदा माझ्या अंगावर लिहिलं, ते मोजायला गेलो तर मला बेरीज कमी पडेल. कुणाचं अक्षर डोंगर चढायचं, कुणाचं घसरगुंडी खेळायचं. पण सगळी पोरं माझ्याकडे बघायची. वर्गात बघायला दुसरं होतंच काय?

मग पांढरेशुभ्र, गुळगुळीत फळे आले आणि माझ्या अंगाला एक चीर पडली. मला अडगळीत टाकायचं ठरत होतं. तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे आपल्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "टाकू नका त्याला. फाटकाजवळ लावा. पालकांसाठी सूचना लिहिता येतील." भिंतीवर वरच्या बाजूला शाळेच्या नावाची पाटी होती, म्हणून मला तिच्या खाली ठोकलं. माझी खालची कड जमिनीपासून जेमतेम हातभर उंच राहिली. त्या दिवशी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. उलट मी खूश होतो. आता पोरांबरोबर त्यांची आई-बापंही मला वाचणार म्हणून!

माझ्यावर लिहायचं काम शिपाईमावशींचं. मावशी फार शिकलेल्या नाहीत, पण अक्षर असं की बघत राहावं. मोठ्या बाई कागद द्यायच्या आणि मावशी तो माझ्यावर उतरवायच्या. बाईंचा एक नियम होता. आनंदाची बातमी वर, रंगीत खडूने. सांगणं-सवरणं खाली, पांढऱ्या खडूने. बाई म्हणायच्या, "लोकांना आधी बरं वाटू दे. मग ते ऐकतात."

बाईंचा हेतू चांगला होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. झालं असं, की लोकांना बरं वाटायचं आणि बरं वाटलं की ते निघून जायचे.

खालच्या ओळीही वर्षानुवर्षं त्याच. मुलांनी एकट्याने रस्ता ओलांडू नये. अनोळखी माणसाबरोबर जाऊ नये. फळ्यासमोर गाड्या लावू नयेत. ही शेवटची ओळ कुणाला वाचताच यायची नाही, कारण तिच्यासमोर गाड्या लावलेल्या असायच्या. एकदा एक आजोबा एका स्कूटरवाल्याला म्हणाले, "अहो, जरा गाडी बाजूला घ्या. खालचं दिसत नाही."

"खाली काय असणार आजोबा? हात धरा, गाडी लावू नका, पोरांना वेळेवर न्या. पाठ आहे मला!"

मावशी फाटकातून म्हणाल्या, "पाठ आहे ना? मग गाडी कशाला लावलीत तिथे?"

सगळे हसले. स्कूटरवालाही हसला. गाडी मात्र हलली नाही.

तो स्कूटरवाला म्हणजे पहिलीतल्या बटणाचा बाप. शिलाईची मशिनं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला मशिनवाले म्हणत. मुलीच्या फ्रॉकचं वरचं बटण रोज तुटलेलं असायचं, म्हणून ती बटण. मावशी चिडवायच्या, "बाप गावभराची मशिनं चालू करतो आणि लेकीचं बटण काही लागत नाही." मशिनवाले खो-खो हसायचे. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. लेकीवर जीव होता त्याचा. रोज साडेबाराला त्याची लाल स्कूटर माझ्यासमोर येऊन उभी राहायची. फाटकातून बाहेर येणाऱ्या बटणाला आधी ती लाल गाडी दिसायची आणि मग बाप. तिला तेवढं पुरायचं.

यंदा वर्षअखेरचा कागद आला. वर लिहायला खूप होतं. चौथीचा निकाल, पाण्याची नवी टाकी, खेळातली बक्षिसं. आणि वाचनात पहिल्या आलेल्या बटणाचं नाव. मावशींनी ते पिवळ्या खडूने लिहिलं, जरा मोठंच. खाली नेहमीच्या सहा ओळी होत्या. आणि कागदाच्या कडेला बाईंनी घाईघाईने एक नवी ओळ लिहिली होती: शेवटच्या दिवशी शाळा साडेदहाला सुटेल.

मावशींनी विचारलं, "बाई, ही ओळ वर घेऊ का?"

"वर बातम्या आहेत ना? सूचना खालीच असू दे. उगाच खिचडी नको."

"मग पोरांबरोबर चिठ्ठ्या पाठवायच्या का?"

"यंदा नको. सगळे फळ्याचा फोटो काढतातच."

म्हणून ती ओळ सहाव्या जागी गेली. वर पाच जुन्या, खाली एक जुनी, मध्ये ही नवी. सगळ्या एकाच पांढऱ्या खडूच्या. चार दिवस ती माझ्या अंगावर होती. मी तिला धरून होतो. धरून ठेवण्यापलीकडे मला दुसरं काय येतं?

मशिनवाले आले तेव्हा त्यांचा आनंद मावत नव्हता. स्कूटर नेहमीच्या जागी लावली, बटणाला कडेवर घेतलं आणि तिचं बोट नावाखाली टेकवून फोटो काढला. तो आत्याला गेला, मामाला गेला, ज्यांची मशिनं दुरुस्तीला आली होती त्यांनाही गेला. फोटोत माझा वरचा अर्धा भाग होता आणि स्कूटरचा आरसा होता.

"मशिनवाले, खालचंही वाचा हो," मावशी म्हणाल्या.

"वाचलं मावशी!"

"कधी?"

"दरवर्षी!" असं म्हणून त्यांनी स्कूटर चालू केली आणि गेले.

शेवटचा दिवस उजाडला. साडेदहाला घंटा झाली. बऱ्याच घरची माणसं आली होती. कुणाला शेजारणीने सांगितलं होतं, कुणाला थोरल्या मुलाने. फाटकात ही गर्दी! वर्गाच्या बाईंचा शिरस्ता होता, की घरचं माणूस दिसल्याशिवाय पोर सोडायचं नाही. त्यांनी बटणाला विचारलं, "तुला कोण आलंय?"

बटणाने माझ्याकडे बोट केलं. माझ्यासमोर लाल स्कूटर उभी होती. "ते बघा, बाबांची गाडी!"

बाईंनी गाडी पाहिली आणि मुलीला सोडलं. रोजची गाडी, रोजची जागा. बटण धावत आली. तेवढ्यात एक अनोळखी बाई स्वतःच्या मुलाला घेऊन आली, ती लाल स्कूटर चालू केली आणि निघून गेली.

बटण माझ्यासमोर एकटीच उभी राहिली. फाटकातली गर्दी पांगली. मावशींनी आतून कुलूप लावलं आणि त्या मागच्या वर्गातली बाकं हलवायला गेल्या. बटणाने तीनदा हाक मारली, "मावशी!" आत बाकं फरफटत होती. कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. पण माझ्या ऐकण्याचा कुणाला काय उपयोग?

मी खूप प्रयत्न केला, असं तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं. पण भिंतीला ठोकलेल्या फळ्याला प्रयत्न कसला करता येणार? ऊन चढत होतं. माझ्या भिंतीची सावली हातभर होती, ती वीतभर झाली. बटण सरकत सरकत त्या सावलीत बसली आणि मी आणि भिंत तिला तेवढीच सावली देऊ शकलो. मग तीही संपली.

गाड्या नव्हत्या, म्हणून आज माझा खालचा भाग मोकळा होता. आणि तो बरोब्बर तिच्या डोळ्यांसमोर होता. वेळ जात नाही म्हणून ती वाचू लागली. बोट टेकवून, एकेक अक्षर जोडत. पहिली ओळ झाली, मग दुसरी. "मु-लां-नी ए-क-ट्या-ने..." वर्षभरात माझी खालची बाजू कुणी पहिल्यांदा अख्खी वाचत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सहाव्या ओळीशी ती थांबली. तिला सगळं कळलं असावं, कारण तिचा खालचा ओठ थरथरला.

घराची गल्ली रस्त्यापलीकडे होती. ती पदपथाच्या कडेपर्यंत गेली. एक पाऊल खाली टाकलं. पाण्याचा टँकर कर्कश भोंगा वाजवत अंगावरून जावा तसा गेला. ती मागे आली आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. एकट्याने ओलांडू नये.

थोड्या वेळाने एक माणूस थांबला. हसरा चेहरा, हातात पिशवी. "का गं, एकटी? चल, मी सोडतो. कुठे राहतेस?"

बटणाने पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय, नाही जायचं."

त्याने वाकून वाचलं. मान डोलावली आणि निघून गेला. तो माणूस चांगला होता की वाईट, हे मला अजून ठाऊक नाही. चांगला असेल तर तो कुणालातरी बोलावून आणेल, असं वाटून मी वाट पाहिली. कुणी आलं नाही.

दोन तास, मित्रांनो. पहिलीच्या पोरीचे दोन तास. ती पाय घट्ट जुळवून उभी राहायला लागली. एकदा फाटकाच्या गजांतून आत बघून आली. मग पुन्हा उभी राहिली. मग बसली. आणि मग तिने तोंड माझ्याकडे फिरवलं आणि रस्त्याकडे पाठ केली. का, ते मी सांगणार नाही. तिचा फ्रॉक ओला झाला होता, एवढंच सांगतो.

साडेबाराला पाच मिनिटं होती तेव्हा मशिनवाले शीळ घालत आले. स्कूटर नेहमीच्या जागी लावली. "बघ, आज लवकर आलो की नाही!" असं म्हणेपर्यंत त्यांना मुलगी नीट दिसली. लालबुंद तोंड, सुकलेले ओठ. त्यांनी फाटक असं हलवलं की माझे खिळे हादरले.

"मावशी! अहो मावशी! पोर बाहेर उन्हात आणि तुम्ही कुलूप लावून बसलात?"

मावशी धावत आल्या आणि बटणाला बघून जागीच थबकल्या. "अगं बाई! ही इथे कशी? तुमची गाडी दिसली म्हणून वर्गाच्या बाईंनी सोडली तिला."

"माझी गाडी? मी आत्ता येतोय!"

"मग ती दुसऱ्या कुणाची असेल. शाळा साडेदहालाच सुटली हो."

"साडेदहाला? आणि आम्हाला सांगायचं कुणी?"

मावशींनी माझ्याकडे हात केला. मशिनवाल्यांनी पाहिलं. त्यांना पिवळ्या खडूतलं लेकीचं नाव दिसलं आणि खाली त्यांची स्वतःची लाल स्कूटर दिसली.

"गाडीच्या मागे आहे, बाबा," बटण म्हणाली.

त्यांनी स्कूटर ढकलून बाजूला केली. तरी नीट वाचता येईना, तेव्हा ते उकिडवे बसले. ओळी बोटांनी पुसट झाल्या होत्या. त्यांनी पहिल्या ओळीपासून सातवीपर्यंत सगळं वाचलं.

बटण सांगत होती, "मी दुसरी पाळली बाबा. पाचवी पण पाळली." मग तिने फ्रॉकचं टोक मुठीत धरलं आणि हळूच म्हणाली, "पण शू लागली तर काय करायचं, ते कुठेच लिहिलं नव्हतं."

मशिनवाल्यांनी अंगातला सदरा काढला आणि तिच्या कमरेभोवती गुंडाळला. भर रस्त्यात, नुसत्या बनियनवर, ते तिला छातीशी धरून बसले. मावशी पदर तोंडाला लावून म्हणत होत्या, "कुलूप लावायच्या आधी मी एकदा बाहेर डोकवायला हवं होतं. एकदाच." मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांनीही वाकून ती सहावी ओळ पाहिली.

दुपारी मावशींनी ओल्या फडक्याने मला पुसलं, सुट्टीच्या आधी दरवर्षी पुसतात तसं. पुढच्या वर्षी सगळ्या सूचना फोनवर जाणार आहेत म्हणे. माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. त्याचं मला दुःख आहे, पण फार नाही. फोनमध्येही खालच्या ओळी असतीलच. त्या कोण वाचणार, याची मला जास्त धास्ती आहे.

मित्रांनो, मी लाकूड आहे. लिहिलेलं मी धरून ठेवतो, पण मला सांगता येत नाही. तुम्हाला बोलता येतं. म्हणून शाळेला सुट्टी लागायची असेल, सहल निघायची असेल, वेळ बदलायची असेल, तर आदल्या दिवशी घरी जाऊन विचारा, "उद्या मला न्यायला कोण येणार आणि किती वाजता?" मोठी माणसं घाईत असतील. "माहीत आहे रे," म्हणतील, "वाचलंय मी," म्हणतील. तुम्ही तिथून हलू नका. माणूस आणि वेळ, दोन्ही सांगेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा.