उजवीकडे ओढणारी गाडी

मानेभंज्यांगच्या स्टँडवर जितमान योंजनची लँड रोव्हर येताना दिसली की बाकीचे ड्रायव्हर तिच्या उजव्या बाजूच्या गाड्या मुकाट्याने मागे घेत. ही थट्टा होती, पण निव्वळ थट्टाही नव्हती.

जितमानच्या बापाने, सनमानने, ही चौपन्न सालची गाडी संदकफू डोंगराच्या चढावर जन्मभर हाकली. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि गाडी जितमानकडे आली. वर्षातले अकरा महिने ती शहाण्यासारखी वागायची. तिहार, म्हणजे तिकडची दिवाळी, आली की मात्र तिच्या अंगात यायचं. ब्रेक दाबला की सरळ थांबायचं सोडून ती उजवीकडे झेप घ्यायची. आणि गाडीवाल्यांच्या संघटनेची ब्रेकची परीक्षा नेमकी भाइटीकेच्या, म्हणजे भाऊबिजेच्या, दुसऱ्या दिवशी! उतारावर चुन्याची रेघ आखायची, गाडी वेगात आणायची आणि रेघेच्या अलीकडे सरळ थांबवायची. जितमान लागोपाठ दोन वर्षं नापास झाला होता. तिसऱ्यांदा नापास होईल त्याचा नंबर यादीतून कायमचा खोडायचा, असा नियम सेक्रेटरी पेम्बाने स्वतःच मांडून स्वतःच मंजूर करून घेतला होता. नंबर गेला की गाडी दारात उभी. आणि त्या रस्त्यावर गाडी चालवण्यापलीकडे जितमानला दुसरं काही येत नव्हतं, हे तो स्वतःही मान्य करायचा.

म्हणून या वर्षी त्याने आधीच साइला मिस्त्रीला गाठलं. साइला मिस्त्रीचे केस या गाड्यांखाली पांढरे झाले होते, आणि आपलं चुकलं असं त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. भाइटीकेच्या आदल्या दिवशी त्याने चारही चाकांचे ब्रेक ॲडजस्ट केले आणि गाडी उतारावर तीनदा थांबवून दाखवली. तिन्ही वेळा ती सुतासारखी सरळ थांबली. जितमान त्या रात्री घोरत झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात भाइटीका झाली. दुपारी पोटभर सेलरोटी खाऊन जितमानने सहज म्हणून गाडी बाहेर काढली, पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडच्या कोबीच्या वाफ्यात शिरली.

"काका, काल काय केलंत तुम्ही?" त्याने मिस्त्रीला अंगणातूनच हाक मारली.

"मी केलं ते बरोबरच केलं. तू काय केलंस ते सांग."

"मी सेलरोटी खाल्ली!"

"गाडी उजवीकडेच ओढते ना? मग उजवं चाक धरतंय. यात विचार कसला करायचा?"

साइलाने गेल्या दोन वर्षांप्रमाणे पुढचं उजवं चाक उघडलं, ब्रेक सैल केला, चाक बसवलं आणि दोघं पुन्हा उतारावर गेले. 

"बघ, आता ओढत नाही," साइला म्हणाला.

"आता थांबतही नाही, काका!" जितमान दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा होता.

रस्त्याच्या कडेला पेम्बा उद्यासाठी चुना कालवत होता. "जितमान दाजू, उद्या गाडी जरा डावीकडे तोंड करून सोडा," तो ओरडला. "म्हणजे बरोबर सरळ येईल!"

जितमान तणतणत खाली उतरला आणि त्याने उजव्या चाकाला हात टेकला. हात असा पोळला की त्याच्या तोंडून पेम्बाच्या सात पिढ्या निघाल्या. फुंकर मारत तो पलीकडे गेला आणि डाव्या चाकाला टेकला. मग जरा थांबून त्याने हात पुन्हा लावला.

"काका, हे गार आहे."

साइलाने येऊन हात लावला. एक चाक तव्यासारखं तापलेलं आणि दुसरं थंडगार. म्हणजे डावं चाक काही कामच करत नव्हतं. बिचारं उजवं एकटं राबत होतं आणि तीन वर्षं शिव्याही तेच खात होतं.

"मी कधीपासून म्हणतोय, डावं उघडायला पाहिजे," साइला म्हणाला.

"तुम्ही तीन वर्षं उजवं उघडताय!"

"ते तुझ्या समाधानासाठी."

घरी आणून डाव्या चाकाचा ड्रम काढला, तर आतले ब्रेकचे पट्टे तळून काढल्यासारखे चकचकत होते. साइलाने आधी ब्रेकच्या सिलिंडरचं रबर चाचपलं. ते कोरडं ठणठणीत होतं. मग आसाचं तेल गळतंय का ते पाहिलं. तेही नाही. शेवटी त्याने पट्ट्यावर बोट फिरवून नाकाशी धरलं, आणि मग खुशाल जिभेला लावलं.

"मोहरीचं तेल," तो म्हणाला. "लसूण आहे. मेथीसुद्धा आहे. झकास जमलंय."

जितमान मटकन खाली बसला. लसूण-मेथीचं मोहरीचं तेल त्या घरात एकच बाई करायची, आणि तेही गुडघ्यांना चोळायला. ती म्हणजे त्याची फुपू, सनमानची धाकटी बहीण चंद्रमाया.

फुपू परसात मुळे चिरत होती.

"फुपू, गाडीला तेल कुणी लावलं?"

"मी. दर वर्षी लावते. भाइटीकेला भावाला तेल लावायचं असतं, एवढं तरी तुझ्या आईनं शिकवलं असेल ना?"

"अगं, ती गाडी आहे!"

"तुझा बाप, माझा दाजू, जाताना काय म्हणाला? 'मी नसलो तरी गाडी आहे.' तुझ्यासमोर म्हणाला. मग मी टिळा कुणाला लावू, दगडाला?"

"तेल डोक्याला लावतात! चाकात कशाला ओतलंस?"

"त्याचं डोकं कुठं आहे ते मला काय ठाऊक? कुरकुर चाकातून येत होती. माझे गुडघे कुरकुरतात तेव्हा मी डोकं चोळत बसते का? चांगलं कोमट करून किटलीनं फटीतून सोडलं."

फडक्याला हात पुसत साइला मागून आला. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. "पण चंद्रमाया, फक्त डाव्याच चाकाला का?"

"उजवं भिंतीला चिकटलेलं असतं. त्या फटीतून जायला मी मांजर आहे?"

"तरीच! असो. मी पेट्रोलनं सगळं धुऊन काढलं. माझ्याकडचे जुने कोरडे पट्टे घातले आणि उजवा ब्रेक पुन्हा आवळला की झालं."

फुपूच्या हातातली सुरी थांबली. "धुतलंत? भावाला लावलेलं तेल धुतलंत? त्या तेलाच्या पलीकडे यमाला येता येत नाही रे!" तिचा आवाज चढला. "आता पुन्हा तेल लागल्याशिवाय गाडी हलणार नाही. बघतेच कोण हलवतो!"

ती नुसतं बोलणाऱ्यांपैकी नव्हती. सकाळी जितमानने दार उघडलं तेव्हा बदललेल्या पट्ट्यांनिशी तयार असलेल्या गाडीच्या पुढ्यात फुपू वेताचा बुटका मोडा टाकून बसली होती, मांडीवर किटली घेऊन. तिकडे स्टँडवर पेम्बाची शिट्टी वाजत होती. सव्वीस नंबर झाला होता. पुढचा नंबर जितमानचा.

रात्रभर त्याने तिला सुनवायची वाक्यं जुळवली होती. पण किटली कवटाळून बसलेल्या तिला बघून त्याला दुसरंच आठवलं. बाप गेला तेव्हा गाव जितमानच्या गळ्यात पडून रडलं होतं. हिचाही भाऊ गेला होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, त्याच्याही नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने टोपी काढली आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घातली. "मला लाव."

"वेड लागलंय का? तू भाचा आहेस, भाऊ नाहीस."

"गाडीपेक्षा तर जवळचा आहे ना?"

फुपूने मोडा पुढे सरकवला. जितमानला ना सख्खी बहीण, ना चुलत. त्याच्या टाळूला या दिवसांत तेल कधी लागलंच नव्हतं. तिने किटली कलती केली. मग तिचा हात त्याच्या कपाळाशी थबकला.

"पुढून विरळ झालेत रे केस. दाजूचेही इथूनच जायला लागले होते."

आणि तीन वर्षांचं जे काही साठलं होतं ते तिने तिथं, त्याच्या डोक्यावर, रडून घेतलं. रडता रडता किटली पार रिकामी केली.

जितमान उतारावर आला तेव्हा तेल भुवयांवरून डोळ्यांत उतरत होतं. एक डोळा मिटून, दुसऱ्याने चुन्याची रेघ हेरून त्याने ब्रेक दाबला. गाडी रेघेच्या हातभर अलीकडे उभी राहिली, सरळ, शहाण्यासारखी. पेम्बाने दोरी लावून दोनदा मापलं. मग वास घेत खिडकीत डोकावला.

"दाजू, गाडीत लोणचं सांडलंय का?"

"माझं डोकं आहे ते. तू पास लिही."

पेम्बाने लिहिलं. तिकडे साइला चार ड्रायव्हरांना गोळा करून सांगत होता, की डाव्या चाकाची शंका त्याला पहिल्या वर्षापासूनच होती. फुपू लंगडत खाली आली. गाडीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ओढणीच्या टोकाने ती जितमानच्या कानामागचं तेल टिपत राहिली.

"पुढच्या वर्षी भाइटीकेची मखमली फुलांची माळ तुझ्या गळ्यापुरती छोटीच करते," ती म्हणाली. "गाडीच्या तोंडाला पुरेल एवढी ओवता ओवता माझी बोटं सोलून निघायची."