कडा शाबूत

गुनवोरने एस्किलची उजवीकडची खालची दाढ भरली, तेव्हा तिचे बरोबरीचे डॉक्टर तिला हसले होते. दाढेत भरायची ती चांदी, असा रिवाज. ही बाई दाताच्या रंगाचं रेझिन भरत होती, निळ्या उजेडाने कडक करत होती आणि छातीठोकपणे सांगत होती की हे टिकेल. पाच वर्षांत झिजेल, अशी पैज लावायला लोक तयार होते. गुनवोरही हट्टाला पेटली. परगण्यातली साठ माणसं जमवून तिने त्यांच्या दाढा भरल्या आणि दर सप्टेंबरात एकेकाला बोलावून तपासायचं ठरवलं. त्याला आता तीस वर्षं झाली. हसणारे निवृत्त झाले, काही मेलेही. फिलिंगं मात्र बहुतेक जागेवर होती.

तपासणीचा नियम कडक होता. बघायची ती फक्त भरलेली दाढ. कड सुटली का, रंग बदलला का, झीज किती, खाली नवी कीड लागली का. बाकीच्या तोंडाशी संबंध नाही. त्यासाठी ज्याने त्याने आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जायचं, असं पत्रात छापलेलं असे. पण ते पत्र वाचतो कोण? ‘गुनवोर दर वर्षी बघते की,’ म्हणत निम्मे लोक दुसऱ्या कुणाकडे फिरकलेच नाहीत. तिला हे ठाऊक होतं. तिने ती ओळ ठळक अक्षरांत छापून घेतली आणि स्वतःची समजूत घातली.

या सप्टेंबरात एस्किल आला तो ओळखू येईना. लाकडाच्या गिरणीत उभी हयात काढलेला धिप्पाड गडी, पण कोट अंगावर नुसता लोंबत होता. मागच्या वर्षी एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेला म्हणून त्याने तपासणी चुकवली होती.

“काय गं म्हातारे,” खुर्चीत टेकत तो म्हणाला. शब्द जड येत होते. “तुझी दाढ जिभेला घासते. जरा कानस मार तिला.”

“तीस वर्षांत घासली नाही ती आत्ता घासेल होय? आ कर.”

दाढ सुरेख होती. गुनवोरने नेहमीसारखी आरशाने जीभ बाजूला सारली आणि तिचा हात थांबला. जिभेच्या कडेला व्रण होता. बोटाला टणक लागला. मानेत गाठही लागली.

“हे दाढेचं नाही, एस्किल. उद्याच मोठ्या इस्पितळात जायचं. मी आत्ता फोन करते.”

“एवढं?” तो हसायला गेला. “पण मागल्या खेपेला नव्हतं ना असलं काही? असतं तर तू सांगितलंच असतंस.”

दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत घेतलेला दाढेचा फोटो तिने संगणकाच्या पडद्यावर काढला होता. पडदा तिच्याकडे वळलेला होता. मधोमध दाढ, आणि फोटोच्या काठाला, आरशाने रेटलेल्या जिभेवर, नखाएवढा पांढरट-लाल डाग. शिकाऊ पोरालाही दिसला असता. खाली तिचीच नोंद: कडा शाबूत, रंग उत्तम. डोळ्यांत तेल घालून ती वर्षानुवर्षं दाढ पाहत राहिली आणि दाढेपासून बोटभर अंतरावरचं तिला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

“नव्हतं,” गुनवोर म्हणाली.

खोटं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. पण शब्द मागे घ्यायला पुरेसा वेळ होता आणि तिने तो जाऊ दिला. याची तिला लाज वाटली, फार वाटली. तरी पडदा न वळवता तिने इस्पितळाचा नंबर फिरवला.

इस्पितळाने आठवड्यात सांगितलं. कापून उपयोग नव्हता. किरणं द्यायची होती, तीही थोड्याच आशेवर. त्याआधी त्या बाजूच्या दाढा काढायला हव्या होत्या, कारण नंतर जबड्याची जखम भरली नसती. एस्किल अडून बसला, जिने भरली तिनेच काढायची.

आणखी दोन आठवड्यांनी तो बायकोला, व्हिओलाला घेऊन आला. गुनवोरने सुई टोचली, आणि बधिरपणा चढेपर्यंत तिघं थांबली. व्हिओलाच्या तोंडाला मात्र खळ नव्हता.

“एल्क मारायला गेला होता हा! मुंडकं टांगलंय भिंतीवर, आता बस म्हणावं त्याच्याशी गप्पा मारत. मागच्या सप्टेंबरात इथं आला असता तर हिने पकडलं नसतं? हिच्या नजरेतून केसाएवढी चीर सुटत नाही.”

“चुकलंच माझं,” एस्किल पुटपुटला. “एक दिवस काढता आला असता.”

“एक दिवस! एका दिवसापायी मला विधवा करायला निघालास.”

एस्किलने मान खाली घातली. गुनवोरला ते बघवेना. हा माणूस तिची चूक डोक्यावर घेऊन मरणार होता, आणि तिच्यासमोर बसून तिचीच माफी मागितल्यासारखं बोलत होता. तिने पडदा दोघांकडे वळवला.

“व्हिओला, त्याला बोलू नकोस. हा फोटो शिकारीच्या आदल्या वर्षीचा आहे. हा डाग बघ. मीच काढलाय फोटो आणि मलाच दिसला नाही. त्या दिवशी त्याने विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले.”

व्हिओला उठून पडद्याजवळ गेली. तिने चष्मा वर केला, खाली केला. तारीख दोनदा वाचली.

“मग तीन आठवडे त्याला बोल लावत का राहू दिलंस मला?”

“दुसऱ्या डॉक्टरला बोलावते,” गुनवोर म्हणाली. “माझ्याकडून काढून घ्यायची नसेल तर.”

एस्किलने फोटो पाहिला, बोटाने दाढेकडे खूण केली आणि आ केला.

पण व्हिओला मध्ये आली. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

“बटाट्याचा मऊ उकडलेला पाल्टसुद्धा गिळवत नव्हता तुला. तू पानावर बसलास की मी सुरू व्हायचे. रोज, एस्किल. एकदा तरी उलट बोलायचंस की रे.”

तो काहीतरी बोलायला गेला. जीभ बधिर झाली होती, त्यामुळे काय म्हणाला ते दोघींनाही कळलं नाही.