मशीनमधले जास्तीचे आकडे

शिलानं रक्तातली साखर मोजायच्या मशीनचं बटण पुन्हा दाबलं. काचेवर आधी ७४ आला, हा आज सकाळचा. त्याच्या मागचा २६८. हळदीनं पिवळ्या झालेल्या अंगठ्यानं तिनं काच पुसली आणि बटण दाबत मागं मागं गेली. ७१. मग २८१. ७८. मग २५९. ७३. मग २७४.

मांडीवर वही उघडी होती. वहीत शितलच्या दुसरीतल्या अक्षरात, ओळीला न जुमानता, गेल्या आठ दिवसांच्या साखरेचे आकडे मांडलेले होते. एकही ऐंशीच्या वर नव्हता. वही एक सांगत होती आणि मशीन भलतंच.

खरं तर ती मशीन पाहायला बसली ती पट्ट्यांमुळे. साखर मोजायच्या पट्ट्या नांदेडहून यायच्या, म्हणून शिला त्या जपून वापरायची. हिशोबानं डबीत नऊ हव्या होत्या, निघाल्या पाच. आणि जास्तीचे आकडेही चारच होते. आधी मोठा आकडा, लगेच त्याच्यानंतर लहान. असं चार सकाळी. म्हणजे सकाळी पोरीची साखर पाहणाऱ्या सासूनं आकडा मोठा आला की तो दडवायचा, पुन्हा बोट टोचायचं, आणि मनासारखा येईल तो पोरीकडून वहीत लिहून घ्यायचा.

शितल सात वर्षांची. तिसऱ्या वर्षापासून तिला झटके यायचे, दिवसाला पाच-सहा. तीन औषधं झाली, चौथं झालं. मग नांदेडच्या डॉक्टरांनी हा आहार लावून दिला. भाकर नाही, भात नाही, साखर-गूळ तर नावालाही नाही. तूप, लोणी, खोबरेल, अंडं, पनीर, आणि भाजी ग्रॅमच्या काट्यावर तोलून. अंगानं साखरेऐवजी चरबी जाळायची, म्हणजे डोकं शांत राहतं, असं तिथल्या आहाराच्या संध्याताईंनी शिलाला तीन वेळा समजावलं होतं. चरबी जळते की नाही हे लघवीतले किटोन दाखवणाऱ्या पट्टीवर कळायचं. पट्टी जांभळी झाली की शिलाचा दिवस चांगला जायचा. मागं पोरीला ताप येऊन गेला, तेव्हापासून ताईंनी रोज सकाळी साखरही पाहायला सांगितली होती.

आज अठ्ठ्याऐंशी दिवस झाले, एकही झटका नव्हता. या दिवसांसाठी शिला कुणाकुणाचे उपकार मानायची. संध्याताईंचे तर होतेच. किराणावाल्या हरिचंदचेही होते. शितल दुकानासमोरून जाताना तो गोळ्यांच्या बरणीवर फडकं टाकायचा, आणि हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या शालूबाईनं नातवाच्या बारशाचे पेढे तांडाभर वाटले, पण शिलाच्या दारात पेढ्याऐवजी दोन अंडी ठेवून गेली. अशा माणसांत राहायला मिळालं, हेच मोठं नशीब होतं. सासूचं, धुरपताबाईचं नाव मात्र शिलाच्या मनात या यादीत कधी आलं नाही. घरच्या माणसाचे काय उपकार मानायचे? शिवाय सुरुवातीला महिनाभर धुरपताबाईनंच डोकं खाल्लं होतं, भाकरीबिगर लेकरू जगतं का म्हणून. मग एका सकाळी ती न बोलता ताक घुसळायला बसली आणि तेव्हापासून घरात लोणी कधी कमी पडलं नाही.

हळद शिजवायचा कुकर आठ दिवसांपासून त्यांच्या रानात होता. शिला आणि सुदाम दोघं नवरा-बायको पहाटेच निघत. म्हणून सकाळची तपासणी सासूवर सोपवली होती. आज कुकर लवकर उरकला आणि शिला दुपारीच घरी आली.

तिनं संध्याताईंना फोन लावला.

"ताई, साखर दोनशे अडुसष्ट दाखवून राहिली. मशीनमदी."

"शितलची? आणि किटोन?"

"पट्टी जांभळीच हाय. सकाळीच पाहिली म्हणं."

 

"शिलाताई, नीट ऐका," संध्याताई म्हणाल्या. "किटोन जास्त आणि साखरही जास्त, हे दोन्ही एकदम असेल तर ते चांगलं नाही. पोरगी कशी आहे? उलटी, धाप, सुस्ती?"

"न्हाई, खेळून राहिली अंगणात."

"आत्ता हात धुवायला लावा आणि परत तपासा. आकडा मोठा आला तर थांबू नका, गाडी करा आणि निघा. मी फोनवर आहे."

शितलला हाक मारून तिनं साबणानं तिचे हात धुतले. शिलानं सुई काढली. शितलनं बोट निमूट पुढं केलं, पण डोळे दाराकडं लावले. दारात धुरपताबाई उभी होती.

"दादी, इकडं ये ना," शितल म्हणाली.

"बैस गप. हात हलवू नको," शिला ओरडली.

मशीन वाजलं. ७९.

शिलानं ते दोनदा वाचलं, मग फोनमध्ये सांगितलं. संध्याताईंनी सुटकेचा श्वास सोडला तो तिला ऐकू आला. शिला भिंतीला टेकून खाली बसली, पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं. देवा, तुझे लई उपकार, असं ती मोठ्यानंच म्हणाली. आणि मग भीती गेली तिथं राग येऊन बसला.

"याडी," आईला मारायची तीच हाक मारत ती सासूला म्हणाली. "हिला गोड काय देऊन राहिल्या तुमी?"

"मी?"

"सकाळी आकडा मोठा येतो. मंग तुमी तो लपवता. दुसऱ्यांदा टोचता. बराबर येतो तेवढाच लिहिता. खोटी वही करून ठिवली."

"मला लिहिता तरी येतं का बाई?"

"हिच्याकडून लिहून घेता! चार पट्ट्या गेल्या कुठं मंग? अठ्ठ्याऐंशी दिवस मी ग्रॅम ग्रॅम तोलून राहिले, अन् तुमाला दोन घास गोड दिल्याबिगर राहवत न्हाई. पोरगी पडली असती म्हंजे?"

अंगणातून सुदाम आत आला आणि बायकोचा आवाज ऐकून उंबऱ्यातच थांबला. धुरपताबाईनं पदर सारखा केला. कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्यांचा, बलियांचा थोडा आवाज झाला. बोलायला तोंड उघडलं, पण शितलकडं पाहून पुन्हा मिटलं.

"पट्ट्या माझ्याच्यानं गेल्या," ती म्हणाली. "चुकलं माझं. पर गोड न्हाई दिलं मी. लेकराची आन."

"मंग दोनशे अडुसष्ट कुणाचे?"

"दादीचे," शितल म्हणाली.

शिलानं पोरीकडं पाहिलं. शितलचे डोळे भरले होते. गुपित फुटलं म्हणून ती रडवेली झाली होती.

"आधी दादी, मंग मी. रोज. दादी आधी टोचून घेती. मंग मला दुखत न्हाई."

सुदाम आत येऊन खाली बसला. धुरपताबाईला आता सांगणं भाग होतं. शिला रानात गेली त्या पहिल्या सकाळी शितलनं बोट दिलं नव्हतं, पलंगाखाली जाऊन बसली होती. तेव्हा धुरपताबाईला आपली मावशी आठवली. लहानपणी तिला गोंदवून घ्यायला बसवलं, तेव्हा मावशीनं आधी आपल्या हातावर एक टिपका काढून घेतला होता. त्यांच्या घरातली रीतच होती ती. लेकराचं गोंदण असो की कान टोचणं, सुई आधी मोठ्या बाईच्या अंगाला.

"मीबी तसंच केलं. नुसतं टोचायची मी," धुरपताबाई म्हणाली. "मंग ही म्हणाली, मशीनबी लावायचं, तुझंबी वाजलं पाहिजे. चार डाव लावलं. लेकराचं मन मोडवलं न्हाई. पट्ट्या महाग पडत्यात हे आज ध्यानात आलं, उद्यापासून बंद करणार होते."

"सुई?" शिलानं विचारलं.

"तिची येगळी, माझी येगळी. तूच सांगून गेली होतीस ना. मी इसरली न्हाई."

फोन अजून चालूच होता. जमिनीवर पडलेल्या त्या फोनमधून संध्याताईंचा आवाज आला.

"शिलाताई? सासूबाईंचा आकडा आत्ता घ्या."

धुरपताबाई कशाला पट्टी वाया घालवता म्हणत होती, पण शिलानं तिचा हात धरलाच. आकडा आला ३०२.

"पाणी जास्त लागतं का त्यांना?" संध्याताई विचारत होत्या. "वजन उतरलंय? पायाला काही जखम वगैरे?"

पाणी? शिला आठवू लागली. शितल दिवसाला किती मिलिलिटर पाणी पिते हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. सासू रोज दोन तांबे पाणी घेऊन झोपते, हे तिनं पाहिलं होतं, आणि उन्हाळा आहे म्हणून सोडून दिलं होतं. धुरपताबाईची चोळी दंडावर सैल झाली होती. उजव्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. ते फडकंही शिलानं रोज पाहिलं होतं.

"हे कवापासून?" तिनं विचारलं.

"होळीच्या आधी खुंट लागला. भरंल की."

होळी होऊन महिना उलटला होता. शिलानं गरम पाणी केलं, पाट ठेवला आणि फडकं सोडायला बसली. फडकं चिकटलं होतं. धुरपताबाईनं पाय मागं घेतला.

"सोड. घाण हाय."

शिलानं पाय सोडला नाही. पाणी घालत घालत तिनं फडकं ओलं केलं. चुकले, असं तिला म्हणायचं होतं. जीभ वळेना. तिच्या डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा वाहत होतं आणि ते लपवायला दोन्ही हात मोकळे नव्हते.

"आता काहून रडून राहिली?" धुरपताबाई म्हणाली. "ते मोठे आकडे पोरीचे न्हाईत ना? मंग बेस झालं की. माझेच निघाले, त्यात काय एवढं?"

हे ती मनापासून म्हणत होती. तिच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता. हे पाहून शिलाला आणखीच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी हळद तशीच वाळत ठेवून सुदामनं दोघींना सेनगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग खाली वाकून बराच वेळ जखम पाहिली. स्वच्छ करून पट्टी बांधली.

"आजी, आणखी पंधरा दिवस अशाच फिरला असता तर हा अंगठा काढावा लागला असता," ते म्हणाले. "आता वाचेल. साखरही गोळ्यांनी येईल खाली. वेळेत आलात. कुणाच्या लक्षात आलं हे?"

शिलाची मान खाली गेली.

"ह्या माझ्या सुनंच्या," धुरपताबाई म्हणाली.

शिलानं चमकून वर पाहिलं. सासूच्या आवाजात टोमणा नव्हता. होता तो अभिमान, तांड्यात चार बायकांत बसून सांगावा तसा.

"लई बारीक नजर हाय तिची, सायेब. घरातलं चमचाभर तूप हिकडचं तिकडं होऊ देत न्हाई. मशीनमदले आकडे पाहिले अन् हिनंच धरलं."

"न्हाई हो डॉक्टर, मी तर ह्यायला..." शिला बोलू लागली.

टेबलाखाली धुरपताबाईचा हात तिच्या गुडघ्यावर आला आणि जरा जोरात दाबला गेला. शिला थांबली.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायला धुरपताबाईकडं वळले.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "हिला सांगा. हिच्या हातात दिलं की मला घोर न्हाई."