मागे फिरायचं नाही

मलकपेठच्या त्या घरात एक कायदा होता. उंबरठा ओलांडला की मागे फिरायचं नाही, आणि निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारायचं नाही. पाकीट राहो नाहीतर चष्मा, पुढे जाऊन नवा घ्यावा. सासरे हिम्मतराव एकदा चष्म्यासाठी परत आले, पुन्हा निघाले आणि सिकंदराबाद स्टेशनच्या वाटेवर अपघातात गेले. तेव्हापासून सासूबाईंनी, म्हणजे तारामतींनी, हा कायदा असा आवळला की कुणाची बिशाद नव्हती मोडायची. सून प्रियदर्शिनी जामबागेतल्या शाळेत सायन्स शिकवायची. वर्गात ती शकुन-अपशकुनांची टर उडवायची आणि घरी मात्र निमूट तळहातावर दही घ्यायची.

शनिवारी सकाळीही तिने ते घेतलं. नवऱ्याने, रितेशने, नवा तंबू गाडीत कोंबला होता. कृष्णेच्या काठी एक रात्र काढायची आणि रविवारी परत यायचं, एवढाच बेत. मलकपेठचा सिग्नल ओलांडला आणि तिला आठवलं. लेकीच्या, नऊ वर्षांच्या त्रिवेणीच्या इन्सुलिनचं नवं पेन फ्रिजच्या दारातच राहिलं होतं. पिशवीत जुनं होतं, दोन दिवस पुरेल एवढं. दोनच दिवस तर जायचंय, असं म्हणून ती गप्प बसली.

आज मंगळवार होता. रविवारी पहाटे सुरू झालेला पाऊस काही केल्या थांबत नव्हता. परतताना रितेशला जवळच्या रस्त्याची हौस आली. रानातला मातीचा रस्ता, घोटाभर पाण्याचा एक ओढा सहज पार झाला, आणि पुढचा दुसरा ओढा बघतात तर झाडं वाहून आणत होता. मागे वळून पाहीपर्यंत पहिलाही फुगला. मधल्या काळ्या मातीत गाडी रुतली ती रुतलीच. फोनला रेंज नाही, माणसाचा मागमूस नाही. रितेश दर तासाला पुढच्या ओढ्यात काठी रोवून यायचा आणि म्हणायचा, “उतरतंय पाणी. हौ, उतरतंय.”

पाणी उतरत नव्हतं, पेन मात्र काल दुपारी संपलं होतं. रितेशला सांगायचा तिला धीर होईना. तिने पोरीला खायला जपून दिलं, पाणी पाजत राहिली, देवाला हात जोडले. सकाळी त्रिवेणीला दोनदा उलटी झाली. मीटरवर साखर पाचशे चाळीस आली. पोरीच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. इन्सुलिनवाचून रक्तात आम्ल साचलं की असा वास येतो, हे तिला डॉक्टरांनी पूर्वीच सांगून ठेवलं होतं.

“मम्मा, और पानी,” त्रिवेणी म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. प्रियदर्शिनी चिखल तुडवत रितेशपाशी गेली.

“पेन संपलंय. कालच. नवं घरी राहिलं, रितेश. मला सिग्नललाच आठवलं होतं. मी बोलले नाही.”

तो ओरडेल, हात उगारेल, काहीही करेल असं तिला वाटलं. तो चिखलातच खाली बसला.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला. “पेट्रोल पंपावर आईचा फोन आला होता. पेन फ्रिजमध्येच हाय, पण परत फिरू नक्को बेटा, रस्त्यात मेडिकलमधून घे म्हणाली. मी हौ म्हटलं. गाव आलं, गेलं. तू काहीच बोलली नाहीस, मला वाटलं दुसरं असेल.”

तीन मोठी, शहाणी माणसं. तिघांनाही ठाऊक होतं, आणि ‘मागे फिरा’ असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. तिला स्वतःचा इतका संताप आला की डोक्यात घण पडू लागले.

“ऊठ,” ती म्हणाली. “मागे फिरायचं. आत्ता.”

मागचा ओढा रुंद होता, पण त्याला ओढ कमी होती. तंबूचा दोर त्यांनी झाडाला बांधला. ओढणीने पोरीला रितेशच्या पाठीशी करकचून आवळलं. पाणी कमरेला आलं, मग छातीला. मध्यावर रितेशचा पाय घसरला तेव्हा प्रियदर्शिनीने त्याची कॉलर धरली आणि आयुष्यात दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या. पलीकडे पोचल्यावरही तिची मूठ सुटेना.

टेकाडावर चढले तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तिचा फोन वाजला. सासूबाई होत्या.

“कुठे हायस गं? कुठे हाय तुम्ही सगळे?”

पंधरा वर्षांत या बाईच्या तोंडून ‘कुठे’ हा शब्द तिने ऐकला नव्हता. धाकटा दीर बबलू नुसत्या अंदाजाने काल दुपारपासून थर्मासमध्ये पेन घेऊन नदीकाठचे रस्ते पालथे घालत होता. “कुठं शोध म्हणून सांगू त्याला?” तारामती रडत होत्या. “मी विचारलंच नाही गं तुम्हाला.”

“मागे फिरलोय, आई.” तिने टेकाडाखालच्या गावाचं नाव सांगितलं.

“फिर गं माझी माय, फिर. बबलू अर्ध्या तासावर हाय.”

अर्धा तास. रितेशच्या पाठीवर त्रिवेणीचं डोकं कलंडलं होतं, श्वास भराभर चालला होता. प्रियदर्शिनी तिच्या गालावर थोपटत, तिला हाका मारत उतारावरून जवळजवळ पळत होती. फोन तिने ठेवला नाही. पलीकडून सासूबाई दर दहा पावलांना विचारत होत्या, “आता कुठे?” आणि ती सांगत होती, चिंचेपाशी, आई. बोअरिंगच्या हापशापाशी. देवळाचा कळस दिसला. आता कुठे? आलोच, आई, आलोच.