कस्तुरीची फाइल

कस्तुरीला अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात धाडायचंच म्हणून तिचे वडील सूर्यकांतराव सातवीपासून तिच्यामागे हात धुऊन लागले होते. वीणा, बुद्धिबळ, पोहणं, कन्नड वक्तृत्व, काही म्हणून सोडलं नाही. १९९४च्या डिसेंबरात मुलाखत ठरली, तीही त्यांच्याच शहरात, बसवनगुडीत, त्या विद्यापीठात शिकलेल्या एका निवृत्त इंजिनिअरांच्या घरी. प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल सूर्यकांतरावांच्या मांडीवर होती. इंजिनिअरांनी फाइलकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"कुणी सांगितलेलं नसतं, तेव्हा तू काय करतेस?" त्यांनी कस्तुरीला विचारलं.

सूर्यकांतराव उत्तर द्यायला सरसावले आणि फाइल चाळू लागले.

"अजून तशी वेळच आली नाही, सर," कस्तुरी म्हणाली. "म्हणून तर इतक्या लांब जायचंय."

इंजिनिअर हसून भराभर लिहू लागले. पोरगी आता नक्की जाणार, हे सूर्यकांतरावांना कळलं आणि त्यांनी फाइल पोटाशी घट्ट धरली.