माठाचं बी

पहाटे अंघोळ, देवापुढे समई, आणि सूर्य वर आला की गॅलरीत उभं राहून तांब्याभर अर्घ्य. आखातातल्या अल मनखूल भागात, चौथ्या मजल्यावर अर्चनाताईंचा हा नेम बावीस वर्षांत चुकला नव्हता. आज मात्र हात समईवर होते आणि कान लेकीच्या बंद दारावर. काल संध्याकाळी मिहिका म्हणाली होती, "आय विल चेंज द टिकेट, आई. लवकर जाते परत."

तीन आठवड्यांसाठी आलेली पोर. आठ दिवसही झाले नव्हते.

ब्रिस्टलला शिकताना मिहिका पेगन मंडळींत जाऊ लागली होती. ऋतूंचे सण पाळणारी माणसं. आज त्यांचा ऑस्टारा, दिवस-रात्र समान होतात तो वसंताचा सण. त्यासाठी तिने आल्या दिवशीच ट्रेमध्ये फुलांचं बी पेरलं. खरं तर अंडी रंगवतात म्हणे, पण आईच्या घरात अंडं चालत नाही म्हणून तिने बीचवरचे गोटे रंगवले. अर्चनाताईंनी ते पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. तेव्हा बोलायला हवं होतं, असं आता वाटत होतं.

काल दुपारच्या उन्हात ट्रे गॅलरीत राहिला आणि कोंब करपून गेले.

"इट्स डेड," मिहिका म्हणाली होती. "इथे स्प्रिंगच नाही. सण कशाचा करू?"

"तुमच्या दोघींच्या पूजांत मला चहा तेवढा मिळू दे," असं म्हणून तिच्या बाबांनी, मुरलीधररावांनी हसवून पाहिलं. कुणी हसलं नाही.

समईची ज्योत स्थिर झाली आणि अर्चनाताईंना त्यांचा इथला पहिला चैत्र आठवला. गावी चैत्रात आंब्याखाली झाडलेला मोहोर पायाला चिकटायचा, अंगणभर वास. इथे त्यांनी हौसेने कुंडीत भाजी पेरली, ती चौथ्या दिवशी वाळली, आणि त्या गॅलरीत बसून रडल्या. समोरच्या दारातली रत्नागिरीची अन्वरी डोकावली. "अगो भाभी, रडतेस काय? इथला हंगाम उलटा. दिवाळीला पेरायचं, होळीला बी धरायचं." मग रुमालाच्या टोकाला बांधलेलं लाल माठाचं बी तिने हातावर ठेवलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवलेल्या हरभऱ्यांची पहिली ओंजळ अर्चनाताईंनी तिच्याच पदरात घातली होती. अन्वरी परत गेली त्यालाही आता नऊ वर्षं झाली. बी मात्र दर साली धरलं जात होतं.

त्यांनी दारावर हलकेच टकटक केली. "मिहू, उठतेस? मदत हवी होती जरा."

डोळे चोळत मिहिका गॅलरीत आली. कुंडीतला माठ कमरेएवढा वाढून सुकला होता. अर्चनाताईंनी एक तुरा तळहातावर चोळला, हलकी फुंकर मारली. भुसा उडाला आणि काळं, चकचकीत बी उरलं.

"इथला वसंत हा असा," त्या म्हणाल्या. "तुमच्यात चालेल का, माहीत नाही."

मिहिकाने बोटाने बी हलवून पाहिलं. मग आत गेली, रंगवलेले गोटे घेऊन आली आणि कुंडीभोवती मांडू लागली. एक तिने तुळशीपाशी धरला. "इथे ठेवू?"

"ठेव की."

समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून सूर्य वर आला. अर्चनाताईंनी अर्घ्य दिलं, पण तांब्या अर्धा राखला आणि लेकीपुढे धरला. मिहिकाने डोळे मिटून इंग्रजीत काहीतरी पुटपुटत उरलेलं पाणी कुंडीत सोडलं.

"हे थोडं मी नेऊ?" तिने विचारलं. "तिकडे लावीन."

अर्चनाताई बी कागदात बांधू लागल्या. "तिकडे आता पेरता येतं?"

"नाही गं. अजून फ्रॉस्ट असतो, रात्री दव गोठतं. एप्रिल संपेपर्यंत थांबावं लागतं."

"मग जायची घाई कसली?" त्या पुडीकडेच बघत म्हणाल्या.

मिहिका हसली. "अन्वरीमावशीचा नंबर आहे तुझ्याकडे? तिला फोटो पाठवू."