अर्ध्या हाताची देवी

मित्रांनो, माझ्या उजव्या कुशीत एक चावी आहे. ती कुणी पूर्ण फिरवली, की माझ्या पोटात टकटक सुरू होते आणि जेमतेम अर्धं मिनिट चालते. तेवढ्या वेळात समोर जे असेल ते मी फिल्मवर उतरवून घेतो. मी सिनेमा काढायचा जुना कॅमेरा आहे. लहान चणीचा, कडेवर घेता येईल एवढा. मला ऐकू येतं, पण ऐकलेलं साठवता येत नाही. पाहिलेलं मात्र साठवतो. माझी सगळी गोष्ट एवढ्यातच आली म्हणा ना. पण ‘म्हणजे कसं?’ असं तुम्ही विचारणारच, म्हणून नीट सांगतो.

माझा जन्म फार दूर, बर्फ पडणाऱ्या एका देशात झाला. घड्याळं जुळवणाऱ्या बोटांनी माझी चाकं बसवली. मग जहाजातून मी त्रिचनापल्लीला आलो, एका गोऱ्या रेल्वे इंजिनियराकडे. त्यानं माझ्याकडून नदीवरचे पूल टिपून घेतले, आणि पुलांहून जास्त आपली कुत्री टिपून घेतली. इंग्रज गेले तेव्हा तोही गेला, आणि जाताना मला रघुनाथरावांना विकून गेला.

रघुनाथराव कुंभकोणमच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. त्यांचे पूर्वज मराठी राजांच्या काळी तंजावर मुलखात आले आणि तिथलेच झाले. दाराबाहेर तमिळ, आणि दाराच्या आत त्यांचं ते जुन्या वळणाचं मराठी. त्यांची बायको गोदाबाई. तिनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी चावी बोटानं हलवून म्हणाली, “कॉफीची गिरणी आणलीत कीं काय? ह्यांत बिया कोठून घालायच्या?”

रघुनाथराव इतके हसले, की मला खाली ठेवावं लागलं त्यांना.

त्यांच्या मनात एकच होतं. जवळच्या स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती ओततात, तो सगळा उद्योग पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्यात उतरवायचा. तिथं रामलिंग स्थपती म्हणून एक वयस्क कारागीर होते. त्यांनी एका अटीवर होकार दिला. तमिळ माणसं मराठी माणसाला आदरानं ‘रायर’ म्हणतात, तसे ते म्हणाले, “रायरे, आम्ही करतो ते दाखवा. करत नाही ते दाखवू नका. आणखी काय सांगू?”

आणि त्यांनी कारखान्याच्या एका बाजूची कौलं उतरवून दिली, मला उजेड मिळावा म्हणून!

मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. मेण आणि राळ एकत्र मऊ करून रामलिंग त्याची देवी घडवत होते. ही देवी इन्नंबूर गावच्या देवळासाठी होती. तिचा उजवा हात असा वर उचललेला, आणि बोटं कमळाची कळी धरावी तशी. त्या मेणावर कावेरीच्या गाळाची माती चढते, थरावर थर. मग तापवलं की आतलं मेण वितळून वाहून जातं, आणि मातीच्या पोटात देवीच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात धातू ओतायचा. हे एकदाच होतं. माती फोडल्यावर साचा संपला.

पण माझ्या पोटात घालायची कोरी फिल्म परदेशातून यायची, आणि ती मिळणं फार कठीण. मेण घडवून होईतोच रघुनाथरावांची फिल्म संपली. ते मला रिकामाच घेऊन बसनं जायचे, नुसतं पाहायचे आणि परत यायचे.

अशात मद्रासहून कृष्णमूर्ति आले. भांडी घासायची ‘चंद्रकांती’ पावडर करणाऱ्या कंपनीचे ते माणूस. गोल चेहरा, तोंडभर हसू, दोन्ही हातांत डबे. कुणीतरी त्यांना रघुनाथरावांच्या सिनेमाबद्दल सांगितलं होतं.

“राव, फिल्म आम्ही देतो. धुलाई आम्ही करतो. गावोगावच्या टॉकीजमध्ये मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवतो. तुमची कला, आमची पावडर. दोघंही चमकू!”

ते वाईट नव्हते हो. त्यांनी रामलिंगांच्या घरी केळी नेली, स्थपतींच्या बायकोच्या, जयलक्ष्मीच्या, पाया पडले. जयलक्ष्मीनं डबा ठेवून घेतला आणि भांडी चिंचेनंच घासली.

पहिल्यांदा कृष्णमूर्तींनी मागितलं ते एवढंच, की सुरुवातीला कंपनीचं नाव यावं. मग ते म्हणाले, डबा खिडकीत असू दे, आपोआप दिसेल. मग म्हणाले, खिडकी लांब आहे, स्थपतींच्या हाताशी ठेवू या. दर वेळी रघुनाथराव मनाशी म्हणत, एवढ्यानं काय होतं? आणि माझी चावी फिरवत. मला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. समोर डबा ठेवला की मी डबा घेतो.

गोदाबाईच्या मांडीवर तेव्हा तान्ही लेक वसंता होती. एकदा रघुनाथराव मला पुसत बसले असता ती म्हणाली, “शेवटाला वीतभर फिल्म उरली असेल तर वसंतेला घ्या कीं त्यांत. पुन्हां काय एवढी राहणार आहे ती?”

“फिल्म त्यांची आहे ग. आपली नव्हे.”

“बरें. आणि डबा?”

“तो त्यांचाच.”

“मग सिनेमा कोणाचा?”

रघुनाथराव माझी काच पुसत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

ओतण्याचा दिवस आला. साचा जमिनीत पुरला, गोवऱ्यांचा जाळ पेटला, धातू वितळवायची मूस लाल झाली. धातूची धार साच्यात पडली तेव्हा माझी टकटक तेवढी ऐकू येत होती. ती धार मी पूर्ण घेतली. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्याहून सुंदर काही पाहिलं नाही.

साचा निवल्यावर माती फोडायला सगळे जमले. गोदाबाईही वसंताला कडेवर घेऊन आली होती. कृष्णमूर्ति तर नवं उपरणं खांद्यावर टाकून आले. माझ्यात शेवटचं रीळ होतं. रामलिंगांनी हळूहळू माती पाडली. आतून देवी निघाली ती काळी, खरबरीत, अंगाला माती चिकटलेली. ती तशीच निघते. झिलई नंतर छिन्नी आणि कानशीनं महिनोन् महिने काढायची असते.

पण उजव्या हाताशी रामलिंग थांबले. मनगटाच्या पुढे काहीच नव्हतं. बोटं इतकी बारीक होती, की धातू तिथवर पोचलाच नव्हता.

रघुनाथरावांनी चावीवरचा हात काढला.

कृष्णमूर्ति जवळ आले, वाकून पाहिलं, आणि खरोखर हळहळले. “अय्यय्यो! आता काय करायचं? मालकांना पुढच्या आठवड्यात सिनेमा दाखवायचाय.” मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं मागच्या वर्षी ओतलेली अशीच एक देवी पूर्ण होऊन उभी होती, लखलखीत. सोन्याच्या सुईनं तिचे डोळे उघडले होते, म्हणजे तिच्यात आता देवपण आलं होतं. मुहूर्त आला की ती कुंभकोणमच्या एका घरी जायची होती.

“राव, सोपं आहे! हिला वरून थोडी माती लावू. स्थपती फोडतील, आतून अशी चमकत बाहेर येईल! पडद्यामागून बोलणारा सांगेल, ही चंद्रकांतीची चमक. टाळ्या पडतील, टाळ्या!”

रामलिंग म्हणाले, “डोळे उघडलेल्या देवीला परत माती लावत नाहीत, सामी.”

“लगेच धुऊन टाकू की.”

रामलिंग त्या काळ्या मूर्तीकडे पाहत राहिले. त्यांच्या ओतण्यात चूक झाली होती, आणि ती सगळ्यांदेखत झाली होती. मला वाटतं, त्या घटकेला त्यांनाही ती झाकावीशी वाटली असेल. ते खालच्या आवाजात म्हणाले, “रायरे, काम तुमचं अडलंय. मी काय बोलू? तुम्ही म्हणाल तसं.”

सगळे रघुनाथरावांकडे पाहू लागले. वर्षाची मेहनत, ती कधी न परतणारी धातूची धार, सगळं मद्रासच्या कंपनीच्या हाती जाणार होतं. ‘हो’ म्हटलं तर सिनेमा गावोगाव दिसणार. ‘नाही’ म्हटलं तर फिल्म धुणार कोण?

ते गोदाबाईला आपल्या मराठीत म्हणाले, “काय करूं ग? ही अशी काळी, थोटी मूर्ति कोण पाहील?”

गोदाबाईनं वसंताला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“वसंता झाली तेव्हां कशी होती? काळीनिळी, ओली, डोळे मिटलेली. तेव्हां कोणी पावडर लावून दाखवली काय तुम्हांला? तरी पाहिलेंत कीं नाहीं? उठून जाईनात म्हणून आईनें शेवटीं बाहेर घातलें तुम्हांला!”

रघुनाथराव हसले नाहीत. ते रामलिंगांसमोर जमिनीवर बसले.

“स्थपती, आपलं बोलणं झालं होतं. करता तेच दाखवायचं. मी डबा ठेवला तिथंच शब्द मोडला. तुमची परवानगी असेल तर हीच देवी दाखवतो. नसेल तर मी कॅमेरा बंद करून घरी जातो. पण त्या देवीला माती लावायची नाही.”

रामलिंगांनी ती जड मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि अर्धा हात माझ्या काचेसमोर धरला.

“माझाच हात इथं कमी पडला. दाखवा.”

चावी फिरली, पुन्हा पुन्हा फिरली. मी देवी घेतली, रामलिंगांचा चेहरा घेतला, आणि ती मूर्ती फोडून परत मुशीत टाकली तेही घेतलं. मग रीळ संपलं.

कृष्णमूर्तींनी डबे गोळा केले. “राव, मी मालकांना काय सांगू? देव मोडका, आणि आमचा डबा कुठंय?”

जयलक्ष्मी आतून म्हणाली, “सांगा, डबा वेळेवर आला होता. देवीलाच उशीर झाला.”

कृष्णमूर्तींनाही हसू आलं. जाताना त्यांनी रघुनाथरावांचा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला.

कंपनीच्या फिल्मची भरपाई करायची होती, धुलाई करायची होती, आणि मास्तरांच्या घरात विकण्याजोगी वस्तू एकच होती. कुंभकोणमच्या फोटो स्टुडिओवाल्या सुंदरेशनं मला विकत घेतलं. त्या सकाळी रघुनाथरावांनी माझी काच मऊ धोतराच्या तुकड्यानं पुसली आणि मला पेटीत ठेवलं. गोदाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, “नीट धरा हो, त्याला धक्का सोसत नाहीं.” मला गिरणी म्हणणारी तीच ना ही! धुऊन आलेल्या फिल्मवरचे डब्याचे तुकडे रघुनाथरावांनी कात्रीनं कापले आणि मद्रासला पाठवून दिले.

पुढच्या वर्षी चंद्रकांतीचा सिनेमा आलाच, दुसऱ्या कुणीतरी काढलेला. त्यात मातीतून देवी लखलखत बाहेर येते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग गिऱ्हाइकं रामलिंगांना विचारू लागली, “सिनेमात तर चमकत निघते. तुमची काळी का? धातूत काही भेसळ?”

मित्रांनो, ज्या माणसानं जन्मभर खरं काम केलं त्याला हे ऐकावं लागलं. त्यांनी रघुनाथरावांना निरोप धाडला: “रायरे, ती आपली फिल्म घेऊन या.”

स्थपतींच्या गल्लीत दोन खांबांना पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, ताणून बांधली. सुंदरेश प्रोजेक्टर घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी तिथंच जवळ लग्नाचं काम होतं म्हणून मलाही. सिनेमाला आवाज नव्हता. बोलणारा नाही, वाजवणारा नाही. धातूची धार पडली तेव्हा गल्ली अशी शांत झाली, जणू खरोखरच समोर पडते आहे. काळी देवी निघाली. अर्धा हात दिसला. नुकताच प्रश्न विचारून गेलेले एक गिऱ्हाईक पुढेच बसले होते, त्यांनी मान खाली घातली. मूर्ती मुशीत गेली आणि पडदा एकदम पांढरा झाला.

एक मुलगी ओरडली, “आणि पुढं?”

रामलिंग बसल्या जागेवरून म्हणाले, “पुढं काय? परत मेण, परत माती, परत ओतली. बोटं कशी आली ती इन्नंबूरला देवळात जाऊन बघ. पाचही आहेत.”

ती पूर्ण देवी माझ्यात कधीच उतरली नाही. ती ओतली त्या दिवशी मी दुसऱ्याचा होतो.

त्यानंतर मी पुष्कळ लग्नं पाहिली. आता सुंदरेशकडे नवा कॅमेरा आला आहे आणि मी कपाटात असतो. रघुनाथराव कधी येतात, माझी चावी थोडी फिरवतात, टकटक ऐकतात. कोरी फिल्म मिळाली तर ते मला उसना नेणार आहेत. कुणाच्या अटीवर नाही, म्हणून वेळ लागतो आहे.

बाळांनो, माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र तुमच्या घरी असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा. काचेवर धूळ बसली तर घाबरू नका. ती फुंकरीनं उडते. पण समोर जे मांडून ठेवाल ते मात्र उडत नाही. आम्हाला ते खरं म्हणूनच जपावं लागतं, आणि आम्हाला पाहणारे तेच खरं धरून चालतात. तेव्हा चावी फिरवण्याआधी, कृपा करून, समोर काय ठेवलं आहे ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.